सोन्यासारखी दिसणारी चेन : न्यूपोर्टच्या पोरांनी घरात बनवलेल्या रॅपने ब्रिटनला कसं हसवलं?

रॅपर म्हटलं की डोळ्यांपुढे काय येतं? गळ्यात जाडजूड सोन्याची चेन, बाजूला महागडी गाडी आणि चेहऱ्यावर माज. पण ब्रिटनमध्ये एक ग्रुप असा आहे ज्याने चेन खोटी असल्याचं नावातच सांगून टाकलं. गोल्डी लुकिन चेन, म्हणजे सोन्यासारखी दिसणारी चेन. आपल्या भाषेत सांगायचं तर बेन्टेक्स.

ग्रुप वेल्समधल्या न्यूपोर्टचा. न्यूपोर्ट हे बंदराचं आणि पोलादाचं शहर. शेजारच्या लॅनवर्नला 1962 पासून मोठा पोलाद कारखाना होता. 2001 मध्ये तिथल्या भट्ट्या थंडावल्या आणि हजारोंच्या पोटाचा प्रश्न उभा राहिला. (कारखान्याची मालक कंपनी कोरस पुढे 2007 मध्ये टाटा स्टीलने घेतली, त्यामुळे लॅनवर्नचा उरलेला कारभार थेट मुंबईच्या मुख्यालयाशी जोडला गेला.) याच काळात, 2000 च्या सुमारास, गावातली आठ-दहा टवाळ पोरं एकत्र आली. अंगात ट्रॅकसूट, डोक्यावर टोपी, हातात माइक. नावंही तशीच: एग्सी, मॅगट, मिस्टिकल, टू हॅट्स.

त्यांनी कुठल्या कंपनीचा दरवाजा ठोठावला नाही. घरीच गाणी रेकॉर्ड केली, स्वतःच सीडी बनवल्या आणि स्वतःच लोकांपर्यंत पोचवल्या. हिप हॉपमध्ये याला जुनी परंपरा आहे. 1970 च्या दशकात न्यूयॉर्कचे डीजे आपल्या कार्यक्रमांच्या कॅसेट हातोहात विकायचे, त्यातून मिक्सटेप हा प्रकार रुजला. मिक्सटेपला अल्बमसारखा इस्त्रीचा कपडा लागत नाही. बीट कुठलाही चालतो, मध्येच गप्पा येतात, एखादा विनोद फसला तरी तो तसाच राहतो. गोल्डी लुकिन चेनच्या सुरुवातीच्या सीडी याच जातकुळीतल्या.

आणि भाषा? अस्सल गावची. साऊथ वेल्सच्या बोलीत क्रियापदाला कुठेही 'एस' लागतो. पुस्तकी इंग्रजीत 'यू नो', तर न्यूपोर्टात 'यू नोज'. शाळेतले मास्तर ज्यासाठी कान धरतील ती बोली या पोरांनी थेट गाण्याच्या शीर्षकात बसवली: 'यू नोज आय लव्ह्ज यू'. अमेरिकन उच्चार मारून रॅप करणारे तेव्हा ब्रिटनमध्ये कमी नव्हते. यांनी तो नाद केला नाही, आणि निम्मा विनोद तिथेच साधला.

पण त्यांचं सगळ्यात गाजलेलं गाणं कळायला थोडं मागे जावं लागतं.

2003 च्या जानेवारीत बर्मिंगहॅममध्ये नववर्षाच्या पार्टीबाहेर गोळीबार झाला आणि त्यात दोन तरुण मुली मारल्या गेल्या. देश हादरला. तेव्हाचे सांस्कृतिक खात्याचे मंत्री किम हॉवेल्स यांनी बोट दाखवलं ते रॅपकडे. लंडनच्या सो सॉलिड क्रू या ग्रुपचं त्यांनी नाव घेऊन वाभाडे काढले. गंमत म्हणजे हॉवेल्स स्वतः साऊथ वेल्समधल्याच पॉन्टिप्रिडचे खासदार. टोळ्या, बेकायदा हत्यारं, बेरोजगारी हे सगळं राहिलं बाजूला आणि चर्चा रंगली गाण्यांवर.

अमेरिकेतल्या बंदूक समर्थकांची एक घोषणा आहे: बंदूक माणसं मारत नाही, माणसंच माणसं मारतात. न्यूपोर्टच्या पोरांनी त्यात एकच शब्द बदलला. माणसांच्या जागी रॅपर. 'गन्स डोन्ट किल पीपल, रॅपर्स डू' हे गाणं 2004 मध्ये ब्रिटिश सिंगल्स चार्टवर तिसऱ्या क्रमांकावर पोचलं. रॅपरवर होणारा आरोप इतक्या निरागस चेहऱ्याने मान्य केला की आरोपच हास्यास्पद दिसू लागला. एखाद्या अग्रलेखाला हे जमलं नसतं.

तोवर ॲटलांटिक रेकॉर्ड्सने त्यांच्याशी करार केला होता. कंपनीसाठी काढलेल्या पहिल्याच अल्बमचं नाव त्यांनी ठेवलं 'ग्रेटेस्ट हिट्स'. देशात कुणी ऐकलेलं नसताना! त्यातली बरीच गाणी जुन्या घरगुती सीडींमधली होती, त्यामुळे नाव तसं खोटंही नव्हतं. अल्बम पाचव्या क्रमांकापर्यंत गेला.

इथे खरी अडचण सुरू होते. त्याच सुमारास ब्रिटिश वृत्तपत्रांत 'चॅव' हा शब्द फोफावला होता. ट्रॅकसूट घालणाऱ्या, सरकारी वस्तीत राहणाऱ्या गरीब गोऱ्या पोरांसाठीची ती शिवीच. पत्रकार ओवेन जोन्स यांनी पुढे 2011 मध्ये या हेटाळणीवर अख्खं पुस्तक लिहिलं. मग ट्रॅकसूट घालून नाचणारे हे रॅपर गरिबांची टिंगल करणाऱ्यांच्या हाती आयतं कोलीत देत होते का? काही अंशी हो. न्यूपोर्टमधला माणूस स्वतःवर हसायचा, तर लांबच्या सुखवस्तू घरातला माणूस तेच गाणं ऐकून न्यूपोर्टवर हसायचा. गाणं एकच, हसणं वेगळं.

हा फरक उघड झाला 2010 मध्ये. जे-झी आणि अलिशा कीज यांचं न्यूयॉर्कवरचं गाणं तेव्हा जोरात होतं. दिग्दर्शिका एम-जे डिलेनी यांनी त्याचं विडंबन करून न्यूपोर्टवरचा व्हिडिओ काढला आणि तो यूट्यूबवर लाखोंनी पाहिला. गोल्डी लुकिन चेनने लगेच उत्तरादाखल स्वतःचं गाणं आणलं. मुद्दा एवढाच: तुम्ही न्यूपोर्टचे नाहीच! घरच्या माणसाने घराला नावं ठेवणं वेगळं आणि पाहुण्याने ठेवणं वेगळं, हे कुठल्याही मराठी घरात समजावून सांगावं लागत नाही.

मूळ व्हिडिओ मात्र ईएमआयच्या कॉपीराइट दाव्यामुळे यूट्यूबवरून उतरवला गेला. ब्रिटिश कायद्यात तेव्हा विडंबनाला वेगळी सूट नव्हती. 2011 च्या हारग्रीव्ह्ज अहवालाने ती द्यावी अशी शिफारस केली आणि 1 ऑक्टोबर 2014 पासून ती लागू झाली. तीही मोकाट नाही, मूळ कलाकृतीचा वापर न्याय्य मर्यादेत असावा लागतो.

दुसऱ्या अल्बमनंतर ॲटलांटिकने ग्रुपचा हात सोडला होता. त्यातला मॅगट 2006 मध्ये 'सेलिब्रिटी बिग ब्रदर'च्या घरात जाऊन आला. बाकी गाडी पुन्हा मूळ रस्त्यावर आली: गाणी स्वतःच बनवायची, स्वतःच काढायची.