बग भलत्याच फाइलमध्ये होता

येत्या गुरुवारी बाबांचं ॲब्लेशन आहे. वय ७१, निवृत्त शिक्षक. डॉक्टरांनी कागदावर आकृती काढून समजावलं, तेव्हा बाबांनी पहिला प्रश्न मला घरी येऊन विचारला, "अरे, बिघाड हृदयात आहे ना? मग चटके फुप्फुसातून येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी कशाला?" मला काही उत्तर देता आलं नाही. म्हणून गेले दोन वीकेंड वाचत बसलो. आणि काय सांगू, आमच्या धंद्यातले डिबगिंगचे किस्से फिके पडतील अशी गोष्ट सापडली.

आधी आजार थोडक्यात. एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे एएफ. हृदयाचे वरचे दोन कप्पे (शाळेतली 'अलिंदं' आठवा) तालात आकसायचं सोडून नुसते थरथरत राहतात. नाडी वेडीवाकडी पडते, धाप लागते. ते एक वेळ चालेल, पण रेंगाळलेल्या रक्ताची गुठळी मेंदूत गेली तर पक्षाघात. घरात सगळ्यांना खरी धास्ती आहे ती त्याची.

ही थरथर येते कुठून? १९४७ मध्ये शेर्फ नावाच्या संशोधकाने कुत्र्याच्या अलिंदावर एका जागी ॲकोनिटीन (आपल्या बचनागातलं विष) लावलं. अलिंद सैरभैर धावू लागलं. तीच जागा थंड केली की ताल परत! म्हणजे एखादाच खोडकर ठिपका. पण मग गॉर्डन मो आला. त्याचं म्हणणं, असा एक गुन्हेगार नसतोच. बऱ्याच विद्युतलहरी एकमेकींचा पाठलाग करत फिरत राहतात. हे त्याने १९६४ मध्ये चक्क कॉम्प्युटरवर ९९२ घटकांचं मॉडेल चालवून दाखवलं. १९६४ मध्ये! मला तर या माणसाबद्दल जाम आदर वाटला. थरथर टिकते कशी, हे त्या मॉडेलमधून छान कळत होतं. सुरू कशी होते, हा प्रश्न मात्र मागे पडला.

उपचारही त्याच वळणाने गेले. लहरींना फिरायला जागा लागते ना, मग जागाच ठेवू नका. १९८७ मध्ये सेंट लुईसला जेम्स कॉक्स यांनी छाती उघडून, अलिंद कापून, परत शिवून त्यात व्रणांच्या भिंती उभ्या केल्या. नाव 'मेझ', म्हणजे भुलभुलैया. ऑपरेशन भयंकर, पण गुण यायचा. गंमत अशी की त्या कापांचा एक वेढा फुप्फुसशिरांभोवती होता. फिक्स चालला, पण का चालला याचं निम्मं उत्तर कोणाच्या लक्षातच आलं नाही. (हे ऐकून ओळखीचं वाटलं असेल तर तुम्हीही आमच्यातलेच.)

नव्वदीत डॉक्टरांनी त्याच भिंती मांडीच्या शिरेतून कॅथेटर घालून, आतून रेडिओफ्रीक्वेन्सीचे चटके देत आखायचा प्रयत्न चालवला. फार वेळखाऊ काम. फ्रान्समधल्या बोर्डोचे मिशेल हाइसागेर हेही त्यातलेच. पण त्यांच्या गटाने एक साधी गोष्ट केली. थरथर चालू असताना नकाशे काढण्याऐवजी ती सुरू होण्याची वाट पाहिली. क्रॅश झाल्यानंतरचा पसारा नाही, तर क्रॅशच्या लगेच आधीची लॉगमधली ओळ! १९९८ मध्ये त्यांचा निबंध आला: ४५ रुग्ण, ६९ ठिपके. त्यातले ६५ फुप्फुसशिरांच्या आत. शिरा म्हणजे नुसती नळी, प्लंबिंग. तिकडे बघायचं कोणाच्या डोक्यात यावं?

पण माहिती होती की! १८७६ मध्येच ब्रंटन आणि फेरर यांनी लिहून ठेवलं होतं की फुप्फुसशिरा स्वतंत्रपणे स्पंदन पावताना दिसतात. हा जोसेफ फेरर आपल्या कलकत्त्याचा, भारतातल्या विषारी सापांवरच्या जाडजूड ग्रंथाचा लेखक. पुढे १९६६ मध्ये नाथान आणि एलियाकिम यांनी दाखवलं की हृदयाचा स्नायू बाहीसारखा या शिरांवर चढलेला असतो, वरच्या दोन शिरांवर जास्त. आणि हाइसागेर यांच्या ६५ पैकी ४८ ठिपके वरच्याच शिरांमध्ये. डॉक्युमेंटेशन १२२ वर्षं तिथेच पडून होतं, राव.

पुढची वाट सोपी नव्हती. शिरेच्या आत चटके दिले की शीर आकसायची, म्हणून ठिपक्याचा नाद सोडून शिरेच्या तोंडाभोवती गोल वेढा द्यायचं ठरलं. ठिपका आत काय वाट्टेल तो गोंधळ घालो, सिग्नल बाहेर यायला नको. २०१० पासून अमेरिकेत गोठवणारा फुगाही वापरात आला. आता उष्णता-थंडी दोन्ही सोडून विजेचे अतिसूक्ष्म ठोके देतात. युरोपात त्याला २०२१ मध्ये मान्यता मिळाली. बाबांचं याच पद्धतीने होणार आहे. ठोक्यांनी हृदयाच्या पेशी आधी मरतात, त्यामुळे मागची अन्ननलिका बरीच सुरक्षित राहते.

एक गोष्ट मी बाबांपासून लपवली नाही. २०१९ च्या कबाना चाचणीत, २,२०४ रुग्णांमध्ये, मृत्यू, मोठा पक्षाघात, गंभीर रक्तस्राव वगैरे एकत्र मोजल्यावर औषधांपेक्षा ॲब्लेशन सरस आहे असं सिद्ध झालं नाही. थरथर मात्र कमी वेळा परतली, आणि रुग्णांना बरं वाटलं. थोडक्यात, रक्त पातळ करायची गोळी सध्या तरी सुटणार नाही.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे शीर आत वळवळत राहणार?"

"कदाचित."

"बरं. गुरुवारी किती वाजता निघायचं?"

साडेसहाला.