पाच टक्क्यांचा उंबरठा

मार्च १९८३ मध्ये बॉन येथे पश्चिम जर्मनीच्या संसदेत ‘ग्रीन’ पक्षाचे सभासद प्रथमच शिरले. कित्येकांच्या अंगात हाताने विणलेले स्वेटर होते, काहींच्या हातांत आम्लपर्जन्याने वाळलेल्या झाडांच्या फांद्या होत्या. पुष्कळांना हा पोरखेळ वाटला. आम्हांस मात्र त्या फांद्यांपेक्षा त्यांच्या मतांचा आकडा अधिक बोलका वाटतो. तो होता ५.६ टक्के.

जर्मन कायद्याप्रमाणे पाच टक्क्यांच्या आत राहणाऱ्या पक्षास सामान्यतः जागा मिळत नाहीत. वायमार प्रजासत्ताकात लहानसहान पक्षांची जी गर्दी माजली, तिची धास्ती या नियमामागे आहे. जानेवारी १९८० मध्ये कार्ल्सरूह येथे जन्मलेल्या या पक्षास त्या वर्षी जेमतेम दीड टक्का मते पडली. तीनच वर्षांत २७ जागा पदरात आल्या. यात वील गावच्या द्राक्षमळेवाल्यांचे पुण्य होते, हे विसरता कामा नये. नियोजित अणुवीजकेंद्राच्या जागेवर १९७५ मध्ये त्यांनी ठाण मांडले, आणि ते केंद्र कधीच उभे राहिले नाही.

अर्थात मते मिळून भागत नाही. ती मोजतात कशी, हेही पाहावे लागते. १९८९ च्या युरोपीय संसदेच्या निवडणुकीत ब्रिटनमधील ग्रीन पक्षास सुमारे १५ टक्के मते मिळाली आणि जागा एकही नाही! मतदारसंघात ज्याला सर्वांत अधिक मते तोच विजयी, ही आपल्याही परिचयाची रीत तेथे होती.

पण उंबरठा एकदा ओलांडला म्हणजे घर आपले झाले, असेही नव्हे. १९९० मध्ये भिंत पडून देश एक होत असता जर्मन ग्रीन मंडळींनी प्रचार मांडला तो हवामानाचा: सारे जर्मनीविषयी बोलतात, आम्ही हवेविषयी बोलतो! पश्चिम भागात त्यांना ४.८ टक्के मते पडली व ते बाहेर फेकले गेले. पूर्वेकडील मित्रांनी तेवढ्या आठ जागा राखल्या. आम्ही त्यांना हसणार नाही. विषय खरा होता, घटका चुकली होती.

१९९८ मध्ये सत्तेत वाटा मिळाला, तो ६.७ टक्क्यांच्या बळावर. योश्का फिशर परराष्ट्रमंत्री झाले, आणि शांततेच्या चळवळीत वाढलेल्या या पक्षास पुढच्याच वर्षी कोसोव्होच्या युद्धाची पाठराखण करावी लागली. बीलेफेल्डच्या अधिवेशनात लाल रंगाची पिशवी फिशर यांच्या कानावर येऊन फुटली.

मार्च २०११ मध्ये फुकुशिमाचा अपघात झाला. त्यानंतर थोड्याच दिवसांत बाडेन-व्यूर्टेम्बर्ग राज्यात पक्षाने २४.२ टक्के मते घेतली, आणि विन्फ्रीड क्रेट्शमान हे ग्रीन पक्षाचे पहिले मुख्यमंत्री झाले. वील गाव याच राज्यातले!

२०२१ मध्ये १४.८ टक्के मते घेऊन पक्ष पुन्हा केंद्रात बसला. परंतु रशियाचा वायू आटताच २०२२ मध्ये रॉबर्ट हाबेक या ग्रीन मंत्र्यालाच कोळशाची बंद पडू घातलेली वीजकेंद्रे चालवण्यास मुभा द्यावी लागली. १५ एप्रिल २०२३ रोजी देशातील शेवटची तीन अणुवीजकेंद्रे बंद झाली. वीलच्या मळेवाल्यांना ती तारीख पाहण्यास ४८ वर्षे लागली. फेब्रुवारी २०२५ च्या निवडणुकीत पक्षाची मते ११.६ टक्क्यांवर आली.