नळी केव्हा काढावी?

घाटकोपरच्या राजावाडीत किंवा अंधेरी-बोरिवलीच्या एखाद्या प्रसूतिगृहात सिझेरियन झालेल्या बाळंतिणीला भेटावयास आपण जातो, तेव्हा खाटेला टांगलेली लघवीची पिशवी दृष्टीस पडते. ती तेथे कशी आली?

मूत्राशय गर्भाशयाला पुढून अगदी लागून असते. ग्लासगोच्या मन्रो कर यांनी १९२० च्या दशकात गर्भाशयाच्या खालच्या भागावर आडवा छेद घेण्याचा पुरस्कार केला. शस्त्र मूत्राशयाच्या शेजारी आले, आणि ते रिकामे ठेवणे अगत्याचे झाले. १९३० च्या दशकात अमेरिकेतील फोली यांनी टोकाशी फुगा असलेली, आत टिकून राहणारी रबरी नळी तयार केली. नळी दिवसभर ठेवणे सोपे झाले. सोयीची मग रूढी बनली.

परंतु नळी राहील तितका वेळ जंतूंना वाट मोकळी, आणि आई खाटेला खिळलेली! म्हणून २०१९ च्या एका आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेने शस्त्रक्रियेनंतर नळी लगेच काढण्याची शिफारस केली. अतिरक्तस्राव, झटके किंवा मूत्राशयास इजा असेल, तर मात्र ती ठेवावी लागते.

नळी निघाल्यावर ६ तासांत लघवी झाली नाही, तर परिचारिकेस सांगावे. आपल्याकडे बायका हे सांगावयास लाजतात. ती लाज उशाशी बसलेल्या आईने, सासूने मोडावी.