खर्डा : तोफगाड्याचे वंगण आणि इंजिनाचे ऑइल

जामखेड तालुक्यातल्या खर्ड्याचे नाव इतिहासात येते ते मुख्यतः ११ मार्च १७९५ च्या लढाईमुळे. निजामअलीची फौज बालाघाटावरून खाली उतरली होती. समोर परशुरामभाऊ पटवर्धनांच्या हाताखाली पेशवे, शिंदे, होळकर आणि नागपूरकर भोसले एकत्र उभे होते. रात्रीच्या गोंधळात निजामाने खर्ड्याच्या किल्ल्याचा आसरा घेतला आणि दाणापाण्यावाचून कोंडलेल्या फौजेला शेवटी तह करावा लागला. कोण कुठल्या बाजूला होते, कुणी कच खाल्ली, तहात काय पदरात पडले, यावर आपल्याकडे भरपूर लिहिले गेले आहे. ज्या तोफा घाटातून खाली आणल्या त्यांची चाके कोण राखत होते, हे मात्र क्वचितच कुणी विचारतो. मला तो प्रश्न महत्त्वाचा वाटतो. आज खर्ड्याच्या एखाद्या गॅरेजमध्ये मोटारसायकलच्या इंजिनातली पट्टी बाहेर काढून ऑइल बोटांत चोळून पाहिले जाते, त्या कृतीचा इतिहास या प्रश्नापासून सुरू होतो. फिरणाऱ्या लोखंडाची निगा राखणे या मुलखाला कंपनीच्या पुस्तिकेने शिकवले, असे मानले जाते. माझे म्हणणे असे की ती शिस्त गाडीच्या आखावर आधी तयार झाली आणि इंजिनाने ती तयार स्थितीत उचलली. इंजिनाने तिच्यात एकच नवी गोष्ट घातली, पण ती मोठी होती.

यावर पहिला आक्षेप इतिहासाच्याच बाजूने येतो आणि तो वजनदार आहे. अठराव्या शतकातल्या दख्खनमध्ये गाड्या होत्याच किती? धान्य, मीठ, कापूस वाहून नेत ते लमाणांचे तांडे, बैलांच्या पाठीवर गोण्या लादून. पाठीवरच्या गोणीला आख नसतो आणि वंगणही लागत नाही. रस्ते नव्हते, घाट बैलांच्या पायवाटांचे होते, आणि ज्या थोड्या गाड्या होत्या त्यांची चाके भरीव लाकडाची, काही ठिकाणी तर दगडाची असत. असली गाडी ओढायला बैलांच्या चार-चार जोड्या लागत. तोफगाडा हा अपवाद होता आणि तो सरकारी होता. त्याच्यामागे सुतार-लोहारांचा ताफा चाले, गावकऱ्याचा त्याच्याशी संबंध आला तर वेठीपुरता. म्हणजे १७९५ च्या तोफगाड्यांपासून आजच्या गॅरेजपर्यंत सरळ रेघ ओढता येत नाही. हा आक्षेप मी मान्य करतो, पण त्यामुळे मूळ म्हणणे पडत नाही, त्याची सुरुवात फक्त अलीकडे सरकते. १८३० च्या दशकात खर्ड्याच्या दक्षिणेला, सोलापूरकडच्या टेंभुर्णीला, पाहणी खात्यातल्या लेफ्टनंट गेसफर्डने हलक्या गाड्या बांधण्याचे काम सुरू करवले. आऱ्यांचे चाक, त्यावर लोखंडी धाव आणि एका बैलजोडीने ओढता येईल इतके वजन. पुढे सडका झाल्या आणि ही गाडी गावोगाव पोचली. आज आपण जिला पारंपरिक बैलगाडी म्हणतो ती दोनशे वर्षांचीही नाही. वंगणाची सवय पुरातन आहे असे म्हणून तिचा गौरव करण्याची मला गरज वाटत नाही. एक नवे यंत्र दारात आले आणि पिढी-दोन पिढ्यांत या भागातल्या माणसांनी ते सांभाळण्याची पूर्ण विद्या उभी केली, ही गोष्ट पुरातनपणापेक्षा मोठी आहे.

ती विद्या खर्ड्यासारख्या गावात किती गरजेची होती हे बाजारावरून कळते. इंग्रजी अमलातल्या गॅझेटियरमध्ये खर्ड्यात पाचशेवर व्यापारी, दुकानदार आणि सावकार असल्याची, धान्याचा आणि देशी कापडाचा मोठा व्यापार चालत असल्याची आणि गुरांचा मोठा बाजार भरत असल्याची नोंद आहे. एवढ्या पेठेला रेल्वे कधीच मिळाली नाही. दौंड-मनमाड मार्ग १८७८ मध्ये नगरवरून गेला, बार्शीची छोटी गाडी १८९७ मध्ये सुरू झाली, आणि खर्डा दोन्हींपासून लांबच राहिला. माल जायचा आणि यायचा तो बैलगाडीनेच. भरलेली गाडी उन्हाळ्यात दूरच्या पेठेला निघाली की तिची भिस्त बैलांइतकीच आखावर असे. साट्याखाली बांबूची नळी टांगलेली असायची आणि तिच्यात वंगण. बांधावरच्या एरंडाचे तेल, त्यात चिंध्या किंवा वाळले गवत जाळून केलेली बारीक काळी राख घोटलेली. नुसते तेल उन्हात पातळ होऊन ओघळून जाते, राखेने ते धरून राहते. मुक्कामाला गाडीखाली टेकू द्यायचा, चाक अडवणारी आखाच्या टोकाची कुणी (खीळ) काढायची, चाक आखावरून बाहेर सरकवायचे, जुना चिकट मळ पुसायचा आणि मग नवे वंगण आखाला चोपडून चाक परत बसवायचे. जुना मळ पुसल्याशिवाय नवे वंगण घालायचे नाही, हा नियम इथे लक्षात ठेवण्यासारखा आहे. धुळीचा कण वंगणात मिसळला की ते वंगण राहत नाही, ते आख खाऊ लागते. इंजिनाचे ऑइल नुसते वरून भरत न बसता बदलावे का लागते, याचे निम्मे उत्तर त्या पुसण्यात आहे.

एरंडेलाबद्दल एक गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे, कारण गाडीचे वंगण म्हणजे गरिबाचा जुगाड अशी समजूत अजून आहे. पहिल्या महायुद्धातल्या विमानांची गोल फिरणारी इंजिने एरंडेलावर चालली. पेट्रोलमध्ये ते सहज मिसळत नाही आणि कडक उष्णतेतही धातूवरचा त्याचा थर टिकतो, म्हणून ते निवडले गेले. १९०९ मध्ये इंग्लंडच्या वेकफील्ड कंपनीने आपल्या मोटार-तेलाला कॅस्ट्रॉल हे नाव दिले ते एरंडाच्या इंग्रजी नावावरूनच. तेलाची निवड गाडीवानाने चुकीची केली नव्हती. एरंडेलाचा दोष दुसराच, ते तापून तापून चिकट राळेसारखे होते. म्हणूनच आख पुसावा लागे आणि म्हणूनच पुढे खनिज तेल जिंकले.

गाडीखेरीज फिरणारी दुसरी वस्तू विहिरीवर होती. मोटेचे वरचे चाक आणि खालचा कणा, ज्यांवरून नाडा आणि सोंदूर धावत, त्यांनाही तेल लागे. ते विसरले तर चाक स्वतः सांगे. कुरकुर सुरू झाली की हाकणाऱ्याला कळायचे. गाडीचेही तसेच. वंगणाच्या त्या सगळ्या विद्येचा आधार कान होता. मग इंजिन आले. सातारच्या कूपरने देशी डिझेल इंजिन बांधायला घेतले होते, आणि १९४६ मध्ये पुण्याला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी निघाली. त्यानंतरच्या दोन-तीन दशकांत पाच अश्वशक्तीचे एका सिलिंडरचे इंजिन अवर्षणाच्या या पट्ट्यात विहिरीविहिरीवर बसले. मोट जिथवर पोचत नव्हती तिथले पाणी त्याने वर काढले. पण या इंजिनाने कानाचा आधार काढून घेतला. ऑइल कमी झाले तरी इंजिन धडधडतच राहते. आवाज बदलतो तेव्हा बेअरिंग गेलेले असते. मी वर जी एक नवी गोष्ट म्हटली ती हीच. वंगण संपल्याची खूण ऐकून चालेना, आधीच जाऊन पाहावी लागली आणि तास मोजावे लागले. असले इंजिन तासाला साधारण लिटरभर डिझेल पिते, त्यामुळे किती डबे संपले यावरून किती तास झाले याचा हिशोब बसवता येई. पाण्याच्या पाळ्या मोजणाऱ्या शेतकऱ्याला हे गणित अवघड नव्हते.

पाहायचे कसे, तेही गाडीच्या शिस्तीतूनच पुढे आले. इंजिन सपाट जागेवर, बंद करून थोडे थांबायचे, म्हणजे वर उडालेले ऑइल चेंबरमध्ये उतरते. पट्टी काढायची, फडक्याने पुसायची, परत घालायची, मग पुन्हा काढून खूण बघायची. न पुसता पाहिलेली पट्टी खोटे सांगते. मग थेंब अंगठा आणि तर्जनीत चोळायचा. कचकच लागली तर लोखंडाचा चुरा किंवा धूळ, डिझेलचा वास आला तर इंधन खाली गळते आहे, दुधाळ दिसले तर पाणी शिरले आहे. नुसते काळे झाले तर घाबरायचे कारण नाही, डिझेल इंजिनाचे ऑइल काजळी धरते आणि ते धरणे हे त्याचे कामच आहे. बदलायचे ते इंजिन कोमट असताना, म्हणजे गाळ ऑइलबरोबर वाहून जातो. खालचा नट सोडायचा, वायसर बघायचा, सगळे निथळू द्यायचे. पुस्तिकेत यातले बरेच छापलेले असते. बोटांत चोळून पाहण्याची पारख मात्र वंगण हाताने घोटणाऱ्यांकडून आली, असे मानायला आधार आहे. तो आधार म्हणजे जळक्या ऑइलचा प्रवास. इंजिनातून काढलेले काळे ऑइल गावात फेकले गेले नाही, ते गाडीच्या आखाला लागले, जू आणि साट्याच्या लाकडाला वाळवी लागू नये म्हणून चोपडले गेले. दोन्ही यंत्रे एकाच अंगणात होती आणि दोघांचे वंगण एकाच हातात होते.

दुसरा आक्षेप अधिक अडचणीचा आहे. ही शिस्त इतकी मुरलेली होती, तर मग कितीतरी मोटारसायकली ऑइलवाचून जाम का झाल्या? याचे उत्तर नगरमध्येच सापडते. १९७२ मध्ये फिरोदियांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगची लुना आली आणि नगरच्या कारखान्यातून ती घरोघरी गेली. लुना, बजाजच्या स्कूटरी, राजदूत, येझदी ही सारी टू-स्ट्रोक वाहने. त्यांत टू-टी ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचे आणि ते पेट्रोलबरोबर जळून जायचे. इंजिनाला वेगळे ऑइल बदलणे ठाऊकच नाही अशी चालवणाऱ्यांची एक अख्खी पिढी त्या गाड्यांनी घडवली. १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आली, पुढे प्रदूषणाचे नियम कडक होत गेले आणि फोर-स्ट्रोक गाड्यांनी टू-स्ट्रोकला बाजूला सारले. आता लिटरभर ऑइल क्रँकला, गिअरला आणि क्लचलाही पुरवायचे होते, आणि ते शांतपणे संपत होते. जाम झालेली इंजिने या मधल्या विस्मरणाची होती. आधीची शिस्त नव्हतीच, हे त्यावरून सिद्ध होत नाही. ज्यांच्या घरी विहिरीवर इंजिन होते त्यांच्याकडे पट्टी पुसून पाहण्याची रीत जिवंत होती. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांकडेही ती राहिली. जामखेड-पाथर्डी-बीडकडून कारखान्यांवर जाणाऱ्या टायरगाडीच्या बेअरिंगला ग्रीस नसले तर अख्खा हंगाम हातचा जातो, आणि हे त्या कष्टकऱ्यांइतके कुणाला कळत नाही.

आज किनाऱ्यावर आणि डोंगरावर पर्यटकांना भाड्याने मिळणाऱ्या, वाळूत उड्या घेणाऱ्या चारचाकी मोटारसायकली हे त्याच साखळीचे ताजे टोक आहे. त्यांची इंजिने छोटी, वेगवान आणि सतत ताणाखाली असतात. काहींचे ऑइल चेंबरऐवजी वेगळ्या टाकीत साठते, म्हणून पट्टी पाहण्याआधी इंजिन थोडे चालवून बंद करावे लागते आणि बऱ्याच गाड्यांत पट्टीचे आटे न फिरवता ती नुसती टेकवून मोजायची असते. काहींत क्लच त्याच ऑइलात भिजलेला असतो, त्यामुळे मोटारीचे जास्त निसरडे ऑइल घातले तर क्लच घसरतो. बारकावे नवे आहेत, तरी पुसा, थांबा, पाहा, चोळा हा क्रम तोच आहे.

या वारशाची एक बाजू मात्र सोडून द्यायला हवी. एरंडेल आणि राख जमिनीत मुरली तर काही बिघडत नव्हते. जळक्या इंजिन ऑइलात शिसे-जस्तासारखे धातू आणि विषारी घटक असतात, ते मातीत आणि विहिरीत उतरते, आणि कायद्याने ते घातक कचऱ्यात मोडते. लाकडाला चोपडण्यात, बांधाला किंवा ओढ्यात ओतण्यात जुनी काटकसर दिसते खरी, पण ज्या मुलखात पाण्यासाठी विहिरी खोल खोल न्याव्या लागल्या तिथे ही काटकसर परवडणारी नाही. काढलेले ऑइल झाकणाच्या डब्यात साठवून ते शुद्ध करणाऱ्यांकडे पोचवण्याची सोय जामखेड-खर्ड्याच्या गॅरेजांपर्यंत यायला हवी. आखाचा मळ पुसण्याइतकेच हेही वंगणाच्या कामात मोजले गेले पाहिजे.