गॅलिपोलीचा माथा आणि कूटचा वेढा

गॅलिपोलीत एकीकडे एजियन समुद्र, दुसरीकडे दार्दनेल्सची सामुद्रधुनी आणि मधे पाइनच्या रानाने झाकलेली सारी बैरची डोंगररांग. चढताना सह्याद्रीतल्या घळी आठवल्या; नकाशावर हाताशी वाटणारा माथा संपता संपत नाही. 9 ऑगस्ट 1915 च्या पहाटे 1/6 गुरखा पलटणीचे जवान तिथे पोहोचले, त्यांना खाली सामुद्रधुनी दिसली. पण तोफगोळे कोसळले, कुमक आली नाही, माथा गेला.

मराठा पलटणी इथे नव्हत्या. त्या याच तुर्कांशी तैग्रिसकाठी लढत होत्या. जानेवारी 1916 मध्ये गॅलिपोली रिकामी झाली. 29 एप्रिलला, जवळजवळ पाच महिन्यांच्या वेढ्यानंतर, कूट पडले. 103, 110 आणि 117 मराठा कैदेत गेल्या. वाळवंटातल्या पायपिटीत कित्येक जवान मेले.

आता द्वारकेत राहतो, इंडिया गेट त्याच शहरात. तिथल्या शिलालेखात गॅलिपोली आणि मेसोपोटेमिया एकाच वाक्यात आहेत. कोरलेली नावे मात्र हिंदुस्थानात आणि वायव्य सरहद्दीवर पडलेल्यांची. कूटचे जवान त्यांत नाहीत.

कोकणात, साताऱ्यात अनेक गावी महायुद्धावर गेलेल्यांचा आकडा सांगणारी शिळा असते. तुमच्या गावी असेल, तर थांबून वाचा.