वेळापत्रकाचें बंधन कोणावर ?

मोटारगाडीच्या थांब्यावर लावलेलें वेळापत्रक हें गाडीवाल्याचें वचन समजावें कीं नुसती सूचना ? गाडी न आल्यामुळें ज्याची परीक्षा किंवा कोर्टाची तारीख बुडते, त्याला हा प्रश्न केवळ पंडिती वाटत नाहीं. म्हणून त्याचा पूर्वेतिहास येथें संक्षेपानें देतों.

आपल्या प्राचीन ग्रंथांत अशा बंधनाचा विचार नौकांच्या संबंधांत आढळतो. कौटिलीय अर्थशास्त्राच्या नावध्यक्ष-प्रकरणांत अवेळीं नदी उतरणारास दंड सांगितला आहे. म्हणजे तेथें वेळेचें बंधन उतारूवर आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत मात्र नावाड्यांच्या अपराधानें झालेली हानि त्यांनींच भरून द्यावी, दैविक आपत्तींत त्यांस दंड नाहीं, असा भेद केला आहे.

आगगाडीच्या छापील वेळापत्रकासंबंधीं एक महत्त्वाचा निवाडा इंग्लंडांत १८५६ सालीं डेंटन विरुद्ध ग्रेट नॉर्दर्न रेल्वे या खटल्यांत झाला. पीटरबरोहून हल बंदराकडे जाणाऱ्या गाडीचा पुढील टप्पा दुसऱ्या कंपनीनें बंद केला असतांही वेळापत्रकांत ती गाडी तशीच छापली गेली, आणि त्यावर विसंबलेल्या उतारूचें नुकसान झालें. वक्तशीरपणाची हमी नाहीं, असें पत्रकांत नमूद होतें. तरीही कंपनीच जबाबदार ठरली. गाडीस उशीर होणें निराळें, आणि नसलेली गाडी आहे म्हणून सांगणें निराळें.

आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ७२ व्या कलमान्वयें परवान्यास अशी अट घालतां येते कीं, मंजूर वेळापत्रक गाडीवर व नेमलेल्या थांब्यांवर लावावें आणि ठरवून दिलेल्या मर्यादेपलीकडे त्यांत फरक पडूं देऊं नये. अट मोडल्यास ८६ व्या कलमान्वयें परवाना निलंबित किंवा रद्द होऊं शकतो. हें बंधन मुख्यतः परवाना धारण करणाऱ्या मालकावर आहे.

चालकाचें काय ? वेळ गांठण्याकरितां वेगमर्यादा मोडण्याची त्यास मुभा नाहीं. उलट १८३ व्या कलमांत असें आहे कीं, वेगमर्यादा न मोडतां जो प्रवास नेमल्या वेळांत पुरा होणें न्यायालयाच्या मतें शक्य नाहीं, त्याचें वेळापत्रक प्रसिद्ध करणें हाच प्रसिद्ध करणाराच्या अपराधाचा प्रथमदर्शनी पुरावा होय.

तात्पर्य, मनूनें केलेला अपराध व दैव यांचा भेदच येथें उपयोगी पडतो. पूर आला, घाट बंद झाला, तर दोष कोणाचाच नाहीं. परंतु अशक्य वेळ छापून तिचा भार चालकाच्या माथीं मारणें हा मालकाचाच अपराध होय. वेळ पाळण्यापूर्वीं ती पाळतां येईल अशी नेमली पाहिजे.