क्रिस्तपुराणाचे अनेक कर्ते

छत्रपती संभाजीनगर शहरास पूर्वी ज्या भूमिगत नहरींनी पाणी मिळे, त्यांतील काही आमच्या हर्सूलच्या बाजूने जात. त्यांपैकी एकीस मलिक अंबरचे नाव आहे, व ते योग्यच आहे. परंतु भुयार खोदणारे, चुना मळणारे, आत उतरून गाळ काढणारे कोण होते, हे कोणास ठाऊक? धर्मकार्याचा इतिहासही बहुधा असाच लिहिला जातो. ज्युबिलीच्या स्मरणिकांत धर्मगुरूंची नामावली सालांसह छापतात. धर्मशिक्षक, गायक, घंटा वाजविणारा आणि वेदी सजविणाऱ्या माताभगिनी हे सर्व ‘इत्यादी’ ह्या एका शब्दात आटोपतात. म्हणून ह्या महोत्सवप्रसंगी, आम्हां मराठी ख्रिस्ती जनांस भूषणभूत असलेल्या एका ग्रंथाची हकीकत, तो कोणकोणाच्या हातांनी सिद्ध झाला व कोणाच्या हातांनी टिकला ह्या दृष्टीने सांगावी, असे आम्ही योजिले आहे.

तो ग्रंथ म्हणजे क्रिस्तपुराण. त्याचे कवी फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडातील विल्टशायर परगण्याचे. येशूसंघाचे हे धर्मगुरू १५७९ साली गोव्यास आले आणि १६१९ साली प्रभुचरणी विलीन होईपर्यंत तेथेच राहिले. त्यांतील बहुतेक काळ साष्टी प्रांतात गेला. सुमारे ११ हजार ओव्यांचे हे पुराण त्यांनी मराठीत रचिले. ही गोष्ट सर्वश्रुत आहे. परंतु ग्रंथाच्या आरंभी जो प्रसंग वर्णिला आहे, त्यात प्रथम बोलतो तो एक प्रश्नकर्ता! जुनी पुराणे सुटली, मग आम्ही ख्रिस्ती जनांनी ऐकावे तरी काय, अशा आशयाची त्याची विचारणा आहे. प्रश्न करणाऱ्यास आपण विघ्न समजतो. येथे कवीने त्यास मानाने ग्रंथात बसविले आहे.

पुढे छापण्याचे काम आले. देवनागरी खिळे पाडून मिळावेत अशी विनंती फादर स्टीफन्स यांनी १६०८ साली आपल्या संघाच्या वरिष्ठांस केली होती. पण तो योग आला नाही. अखेर १६१६ साली रायतूर येथे पुराण छापले गेले ते रोमन लिपीत. मराठी ओवी परक्या लिपीत जुळविणाऱ्या त्या कारागिरांची आठवण आम्हांस वारंवार होते.

फादर स्टीफन्स यांनीच कोकणी भाषेचे व्याकरणही लिहिले होते. ते त्यांच्या मृत्यूनंतर १६४० साली रायतूर येथेच छापले गेले. त्याचे मुखपृष्ठ फार बोलके आहे: रचना स्टीफन्स यांची, भर फादर दियोगु रिबेइरु यांची, आणि तपासणी व दुरुस्ती ‘दुसऱ्या चार पाद्रींची’. त्या चौघांची नावे तेथे नाहीत. रचणाऱ्यास धाडस लागते, भर घालणाऱ्यास परिश्रम, तपासणाऱ्यास संयम. एकाचे काम दुसऱ्याने करू गेल्यास घोटाळाच व्हावयाचा. (धर्मग्रामाच्या सभेत भाषण करावयास दहा जण उठतात आणि हिशेबाची वही धरावयास एकही पुढे येत नाही, हा अनुभव सार्वत्रिक आहे!) संत पौलाने करिंथकरांस शरीराचा व अवयवांचा जो दृष्टांत दिला, त्याचा अर्थ आम्ही असाच घेतो: मान सर्वांस सारखा, परंतु काम सर्वांचे एक नव्हे.

पुराणाच्या १६४९ व १६५४ साली आणखी दोन आवृत्त्या निघाल्या, असे मानतात. त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. शिवाय १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढले की, तीन वर्षांच्या आत सर्वांनी देशी भाषा टाकून पोर्तुगीज बोलावी. कवी गेलेला, छापील पोथी दुर्मिळ, राजसत्ता प्रतिकूल. अशा वेळी ग्रंथ कोणी राखला? प्रती उतरून घेणाऱ्यांनी. गोव्यातून मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती घराण्यांतही पुराणाची हस्तलिखिते जपली गेली. ज्यास स्वतः एक ओवीही रचता आली नसती, अशा मनुष्याने रात्री दिव्यापाशी बसून हजारो ओव्या उतराव्यात आणि आपली एकही त्यात घुसडू नये, ह्या सेवेस आम्ही कवीच्या सेवेहून उणे लेखीत नाही. आणि मोठ्याने वाचणारा व बसून ऐकणारी मंडळी नसती, तर त्या प्रती तरी कोणासाठी झाल्या असत्या?

अशाच हस्तलिखितांच्या आधारे जोसेफ सालदाना यांनी १९०७ साली मंगळूर येथे पुराण पुनः छापिले, तेही रोमन लिपीत. एक देवनागरी हस्तलिखित लंडन येथे आहे. छापील देवनागरी रूप यावयास मात्र १९५६ साल उजाडावे लागले. पुण्याहून शांताराम बंडेलू यांनी ते प्रसिद्ध केले. १६०८ साली मागितलेली गोष्ट अशी ३४८ वर्षांनी पुरी झाली.

ज्या घरांत जुन्या प्रार्थनांच्या अथवा गीतांच्या हस्तलिखित वह्या असतील, त्यांनी त्या रद्दीत जाऊ देऊ नयेत; आणि अक्षर कोणाचे आहे, हे घरातील वडीलधाऱ्यांस विचारून पहिल्या पानावर लिहून ठेवावे.